साडेसेहेचाळीस अंश

मास्तर तसे बोलणारे नव्हतेच. शिंप्याच्या तोंडात कायम टाचण्या, मग तो बोलणार कुठून, अशी गल्लीत त्यांची थट्टा चालायची. पण खरं सांगायचं तर टाचण्या काढून ठेवल्या तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. गिऱ्हाईक आलं की गळ्यातली टेप काढायची, माप घ्यायचं, खडूने कापडाच्या कडेला चार आकडे खरडायचे आणि "गुरुवारी" म्हणायचं. झालं भाषण. गिऱ्हाईकाने गुरुवारी येऊन "मास्तर, बाही जरा आखूड झाली हो" म्हटलं तरी मास्तर ढिम्म. मग मागून मास्तरीणच हसत उठायची, "आणा इकडे, मी बघते," म्हणायची आणि गिऱ्हाईकाला गोड बोलून वाटेला लावायची.

आता ती नव्हती. थंडीच्या सुरुवातीला तिला ताप आला, ताप छातीत उतरला, आणि दवाखान्यातून मास्तर एकटेच परत आले. भेटायला आलेल्यांनी काय काय समजुती घातल्या. मास्तरांनी सगळ्यांना मान हलवली. चार दिवसांनी दुकान उघडलं आणि कापायच्या टेबलामागे उभे राहिले, जसे रोज राहायचे तसे. समोर खिडकीपाशी तिचं मशीन, त्यावर तिने पांघरलेलं फडकं, आणि बसायचं स्टूल रिकामं. दुकान म्हणजे काय तर पुढची एक खोली. मागे दोन खोल्या, तिथे संसार. पूर्वी तिच्या मशीनचा आवाज दिवसभर घरभर असायचा. तो बंद झाला तेव्हा मास्तरांना कळलं की या घरात आवाज असा तो एवढाच होता.

दोघांच्या कामाची वाटणी ठरलेली. ते कापणार, ती शिवणार. कपडे तर सगळेच शिंपी शिवतात, पण या दुकानाचं नाव होतं ते रजयांसाठी. प्रत्येक रजईच्या मधोमध एक मोठी आठ टोकांची चांदणी. पत्त्यांत चौकट असते ना, तशा आकाराचे आठ तुकडे. त्यांना मास्तर चौकटच म्हणायचे. आठही चौकटींची टोकं मध्ये एका बिंदूला येऊन भिडायची आणि बाहेरची टोकं आठ दिशांना पसरायची. एकदम गोल शिवत नाहीत. आधी चार-चार चौकटींच्या दोन अर्ध्या चांदण्या करायच्या आणि मग त्या मधून एका लांब सरळ शिवणीने जोडायच्या. चौकट कापायचा पत्र्याचा साचा मास्तरांनी स्वतः केलेला, लग्न झालं त्या साली, एका डब्याच्या झाकणातून, नुसत्या नजरेने. "माझी नजर म्हणजे माप," असं ते तेव्हा म्हणायचे. तेव्हा जरा तरी बोलायचे.

पुढे पुढे तेही बंद झालं, पण एक बोलणं मात्र शेवटपर्यंत राहिलं. मास्तरीण तुकडे जोडून मशीनवरून उठली की मास्तर ते हातात घ्यायचे, उलटे करून खिडकीपाशी धरायचे आणि शिवण बघायचे. शिवण मध्याशी नीट सरळ सुटलेली असायची, आणि बाहेरच्या टोकाकडे जाता जाता कापडात आत आत सरकलेली. प्रत्येक वेळी. मग मास्तर म्हणायचे, "आली बघा दारुड्याची वाट! निघताना सरळ आणि पोचता पोचता वाकडी."

ती म्हणायची, "घरी पोचते ना? मग झालं तर."

मास्तर नाकातून हसायचे. तीही हसायची, नवा दोरा ओवायची. रोज हेच. तेच वाक्य, तेच उत्तर. लेक लहान होती तेव्हा ती अभ्यास करता करता आतून ओरडायची, "आली का दारुड्याची वाट?" एवढी ती घरातली ठरलेली गंमत होती.

या लेकीला घरात बारकी म्हणायचे. आता ती मास्तरांपेक्षा वीतभर उंच होती, दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि तिने तिथे स्वतःचं लहानसं घर घेतलं होतं. त्या घरासाठी आईने तिला रजई कबूल केली होती. निळ्या आणि करड्या कापडाची. मास्तरांनी आठ चौकटी कापून दिल्या, मास्तरिणीने चार जोडून अर्धी चांदणी केली आणि त्याच संध्याकाळी कपाळ तापलंय म्हणून मशीनवरून उठली ती उठलीच. अर्धी चांदणी मशीनच्या खणात राहिली, उरलेल्या चार चौकटी सुट्या.

बारकीचा फोन आला. "बाबा, मी येत्या रविवारी येते. आईच्या कपड्यांचं वगैरे बघू. आणि... ती रजई होती ना? झाली नसेल तर राहू दे. तशीच नेईन."

"होईल," मास्तर म्हणाले.

"तुम्ही शिवणार?"

"होईल म्हटलं ना."

फोन ठेवला आणि मग त्यांनी खिडकीपाशच्या मशीनकडे बघितलं. ते काही शिवण न येणारे शिंपी नव्हते, धंद्याची सुरुवात त्यांनीही मशीनवरच केली होती. पण तिच्या स्टुलावर बसायचं म्हणजे काय, हे बसल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. स्टूल त्यांना ठेंगणं पडत होतं. तिने बैठकीवर जुन्या कापडाची घडी ठेवली होती, तिला मध्ये खळगा पडला होता. मास्तर त्या घडीकडे बघत उभे राहिले आणि मग ती न हलवताच बसले.

त्यांनी चार चौकटी जोडल्या. शिवण अशी सरळ आणली की कुणी पट्टी लावून बघावी. उलटी करून स्वतःच खिडकीपाशी धरली आणि सवयीने तोंड उघडलं, पण बोलण्यासारखं काही नव्हतं आणि कुणाला बोलणार? त्यांनी तोंड मिटलं.

मग दोन्ही अर्ध्या चांदण्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. मध्याला मध्य लावला, तर दोन्ही बाजूंची टोकं एकमेकांवर चढली. टोकं जुळवून घेतली, तर मध्ये फट पडली, आत बोट जाईल एवढी. तशाच टाचण्या मारून सगळं सपाट करायला गेले तर कडेला लाटा उठल्या, मुलींच्या फ्रॉकला झालर असते ना, तशा. हाताने दाबलं. इस्त्री फिरवली. एका बाजूला बसवावं तर दुसऱ्या बाजूला उठत होतं.

मास्तर वैतागले. आणि वैतागलेल्या माणसाला दोष कुणाचा हे शोधायला लांब जावं लागत नाही. एक अर्धी चांदणी त्यांनी शिवलेली, शिवण आरशासारखी स्वच्छ. दुसरी तिची, दारुड्याची वाट. आता यात विचार करण्यासारखं काय होतं?

तरी मन होईना. तिच्या हातचं शेवटचं काम होतं ते. दोरा आणायचं निमित्त करून ते कोपऱ्यावरच्या बटणवालीकडे गेले. बटणवाली म्हणजे मास्तरिणीची जिवाभावाची मैत्रीण. दुकानात बटणं, दोरे, लेस, चेन, आणि त्याहून जास्त गल्लीतल्या बातम्या.

"या मास्तर," ती म्हणाली. "आज वाट चुकलात वाटतं? दोरा न्यायला नेहमी तीच यायची."

"करडा दोरा. आणि उसवायची पात."

"पात कशाला? कुणाचं काय उसवताय?"

मास्तर टेबलावरच्या बटणांच्या डब्याकडे बघत म्हणाले, "तिची शिवण. वाकडी आलीय. जुळत नाही."

बटणवालीचा हात रिळांवर थांबला. "तिची शिवण जुळत नाही? मास्तर, इतकी वर्षं जुळली की! मोजलंत का, कुणाची जुळत नाही ते?"

"मोजायचंय काय त्यात? डोळ्यांना दिसतंय."

"मग करा बाबा तुम्हाला काय करायचं ते," ती म्हणाली आणि पात, दोरा पुढे सरकवला. "मी आपली बटणं विकणारी. पण एक सांगते, मी असते तर आधी मोजलं असतं."

मास्तरांना राग आला. पात, दोरा उचलून ते घरी आले. तिची अर्धी चांदणी मांडीवर घेतली आणि मधली शिवण उसवली. टाके बारीक आणि घट्ट होते, तिचा हातच तसा. पात आत घालायची, टाका कापायचा, दोरा ओढायचा. प्रत्येक टाक्याला कट्ट असा आवाज व्हायचा. सगळी शिवण निघाली तेव्हा त्यांच्या मांडीवर दोऱ्याचे बारके बारके तुकडे पडले होते. ते झटकायला हात उचलला आणि झटकवेना. एक एक वेचून त्यांनी ते काडेपेटीच्या रिकाम्या डबीत घातले आणि डबी खिशात टाकली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दोन तुकडे नीट, आपल्या पद्धतीने, सरळ जोडले. पुन्हा टेबलावर पसरले.

आधीपेक्षा वाईट! टोकं जास्तच चढली. फट वाढली.

मास्तर टेबलाला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ त्या निळ्या-करड्या कापडाकडे बघत राहिले. शिंप्याला अक्कल नसते असं नाही. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं: एक शिवण सरळ केली आणि चांदणी आणखी बिघडली. म्हणजे सरळ शिवणच बिघडवत होती. कसं शक्य आहे? सरळ शिवणीने काही बिघडत नाही, फक्त...

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला साचा काढला. टेबलावर खाकी कागद पसरला, मध्ये खडूने एक बिंदू केला. बिंदूवर साच्याचं टोक ठेवून पहिली चौकट आखली. तिच्या कडेला कड लावून दुसरी. मग तिसरी, चौथी. चार झाल्यावर खालून पट्टी लावून बघितली. पहिलीची आणि चौथीची बाहेरची कड एका सरळ रेषेत यायला हवी, अर्धी चांदणी ती. पण चौथी चौकट रेषेच्या पलीकडे उतरली होती. मास्तरांनी पट्टी बाजूला ठेवली. पाचवी, सहावी, सातवी आखली. आठवी आखायला घेतली आणि ती पहिलीच्या अंगावर चढली.

त्यांनी पुन्हा आखली. नव्या कागदावर, श्वास रोखून, डोळ्यांत तेल घालून. आठवी पुन्हा पहिलीवर चढली. तेवढीच.

आतल्या खोलीत बारकीच्या शाळेच्या वस्तूंचं एक खोकं माळ्यावर होतं. मास्तर खुर्चीवर चढले, धुळीने खोकले, कंपासपेटी शोधून काढली. आतला कोनमापक पिवळा पडला होता. साच्याच्या टोकाला तो लावला आणि चष्मा कपाळावर ढकलून वाकून बघितलं. एका बिंदूभोवती तीनशे साठ अंश असतात, हे तर त्यांनाही ठाऊक होतं, आणि आठ चौकटी म्हटल्यावर एकीच्या वाट्याला पंचेचाळीस. साच्याची कड पंचेचाळिसावर नव्हतीच. ती सेहेचाळिसाच्याही पुढे, सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस यांच्या बरोबर मध्ये उभी होती. आणि तिथेच, कोनमापकाच्या काठावर, कुणीतरी कर्कटकाने एक बारीक रेघ ओढलेली होती. पोरीने खेळता खेळता ओरखडलं असेल, असं त्यांना वाटलं.

साडेसेहेचाळीस. एका चौकटीला दीड अंश जास्त. आठ चौकटींना बारा. इतकी वर्षं ते प्रत्येक चांदणीत बारा अंश जास्तीचे कापून देत होते. आणि तरी एकही चांदणी कधी उठली नव्हती. सगळ्या सपाट, गिऱ्हाईकं हात फिरवून बघायची आणि खूश व्हायची. मग ते बारा अंश जात कुठे होते?

मास्तरांनी तिची अर्धी चांदणी उलटी केली. मधली शिवण त्यांनी उसवली होती, पण बाजूच्या दोन अजून तिच्याच होत्या. दोन्ही मध्याशी कापडाच्या कडेपासून नखभर अंतरावर सुटत होत्या आणि बाहेर जाता जाता आत वळत होत्या. दोन्ही सारख्याच जागी, सारख्याच वळणाने. त्यांनी कोनमापक लावला. प्रत्येक शिवण दोन अंश खात होती. अर्ध्या चांदणीत तीन शिवणी, सहा अंश. दोन अर्ध्यांत मिळून बारा. चोख हिशेब. दारुडा माणूस रोज एकाच ठिकाणी एवढंच आणि इतकंच वळत नाही. शुद्धीवर असलेलंच माणूस वळतं.

ते खाली बसले ते तिच्याच स्टुलावर.

मग आठवलं. लग्नानंतरची अगदी पहिली रजई. चांदणी बसत नव्हती. मास्तरिणीने तेव्हा विचारलं होतं, "अहो, साचा एकदा परत बघाल का?" आणि त्यांनी फटकन म्हटलं होतं, "साचा बघायचा नसतो, शिवण बघायची असते." मग ती तुकडे घेऊन मशीनवर बसली. थोड्या वेळाने चांदणी सपाट झाली. मास्तरांनी ती उलटी करून बघितली, शिवण वाकडी दिसली, आणि ती दारुड्याच्या वाटेची थट्टा त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा केली. साच्याबद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

"अगं, मग सांगायचं की!" मास्तर मोठ्याने म्हणाले. त्यांच्याच आवाजाने ते दचकले. रिकाम्या घरात माणसाचा आवाज फार मोठा होतो.

आणि त्यांनी काय केलं होतं? तिचं शेवटचं काम, पात घेऊन, टाका टाका करून उसवलं होतं. का, तर ते वाकडं आहे म्हणून. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दवाखान्यातून परत येताना ते रडले नव्हते. लोक म्हणाले होते, माणूस दगड आहे. आता ते त्या ठेंगण्या स्टुलावर बसून हुंदके देऊन रडले आणि त्यांना गप्प करायला कुणी नव्हतं.

रविवार तोंडावर आला होता. सोपा उपाय होता तसा. आपल्या चार चौकटी कडेने छाटून पंचेचाळीस अंशांच्या करायच्या आणि सरळ शिवायच्या; तिच्या अर्ध्याला त्या चपखल बसल्या असत्या. पण तिच्या अर्ध्यातली मधली शिवण? ती तर गेली होती. मास्तरांनी आपली सरळ शिवण पुन्हा उसवली आणि ते कापड खिडकीच्या उजेडात धरलं. कापडाला भोकं राहिली होती. दोन रांगा. एक त्यांची, ताजी, लांब लांब टाक्यांची. दुसरी तिची, बारीक, जवळ जवळ, आतल्या बाजूला वळत गेलेली.

पायडलवर पाय न ठेवता त्यांनी हाताने चाक फिरवलं. सुई खाली, तिच्या भोकात. चाक जरा पुढे. सुई वर, कापड केसभर सरकवायचं, सुई खाली, तिच्याच पुढच्या भोकात. कुठेतरी एखादं भोक बुजलं असेल तिथे आधीच्या आणि नंतरच्या भोकावरून अंदाज घ्यायचा. मध्याशी सगळं सोपं होतं. पुढे गेल्यावर त्यांचा हात आपोआप सरळ जायला बघायचा आणि भोकं म्हणायची, नाही, इकडे. दोनदा चुकले, दोनदा उसवलं. पण शेवटाला येता येता त्यांना जाणवलं की हाताला वळण कळायला लागलंय: कुठे मनगट ढिलं सोडायचं, कुठे डाव्या अंगठ्याने कापड हलकेच आत ढकलायचं. ती नेमकी असंच डाव्या अंगठ्याने ढकलायची. ते समोर उभे राहून इतकी वर्षं बघत होते आणि म्हणत होते, बाईला हात स्थिर ठेवता येत नाही.

मग त्यांनी आपल्या अर्ध्या चांदणीच्या तिन्ही शिवणी उसवल्या. चौकटी छाटल्या नाहीत. जशा कापल्या होत्या तशाच, साडेसेहेचाळीस अंशांच्या ठेवल्या आणि तिच्यासारख्या शिवल्या. इथे भोकं नव्हती, हातालाच आठवायचं होतं. मग मधली लांब शिवण मारली. टेबलावर पसरली आणि डोळे मिटून तळवा फिरवला. कुठेही काहीही उठलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी बारकी आली. आल्या आल्या बापाच्या गळ्यात पडली, मग आईच्या मशीनवरून हात फिरवला, मग डोळे पुसून कामाला लागली. कपाट आवरलं, चहा केला, दोघांनी पाव-अंडी खाल्ली. तीच बोलत होती. घराचं, नोकरीचं, खिडकीतून दिसणाऱ्या पुलाचं. मास्तर मान हलवत होते. शेवटी त्यांनी रजई आणून तिच्या मांडीवर ठेवली. आत कापूस भरायचा होता, अस्तर लावायचं होतं, ते ती तिकडे करून घेणार होती. चांदणी तेवढी पुरी होती.

बारकीने ती पसरली. हात फिरवला. मग आईबापाकडून घेतलेल्या सवयीने उलटी केली आणि खिडकीपाशी धरली. एकेका शिवणीवरून तिचं बोट मध्यापासून टोकापर्यंत गेलं.

"अय्या बाबा, ही तर सगळी आईनेच केली होती की! मला वाटलं अर्धीच झालीय." ती हसली, डोळे भरलेले. "आली बघा दारुड्याची वाट."

मास्तरांना गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हीच तर त्यांची आयुष्यभराची विद्या. पण ते म्हणाले, "अर्धी मी शिवलीय. आणि तिची वाट वाकडी नव्हती गं. वाकडं मी कापत होतो. साचाच चुकीचा आहे. दीड अंश जास्त आहे त्याला."

एवढं लांब भाषण बापाच्या तोंडून बारकीने कधी ऐकलं नसावं. तरी तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने चांदणी हळूच खाली ठेवली.

"ठाऊक आहे मला, बाबा."

"काय ठाऊक आहे?"

"साडेसेहेचाळीस. शाळेत कोन मोजायला शिकवले ना, तेव्हा मी घरातलं दिसेल ते मोजत सुटले होते. तुमचा साचाही मोजला. कोनमापकावर खूणसुद्धा केली, तुम्हाला दाखवायला. धावत निघाले तर आईने दारातच धरलं." बारकी थांबली. "म्हणाली, बाबांना सांगायचं नाही."

"तिला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही? मी काय खाल्लं असतं तिला? साचा काय, दुसरा केला असता. दहा मिनिटांचं काम."

"मीही हेच म्हटलं. म्हटलं, आई, ते तुला रोज हसतात, उगाच." बारकी चांदणीच्या कडेचा एक दोरा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "तर आई म्हणाली, हसू दे गं. सबंध दिवसात तेवढं एकच तर बोलतात ते माझ्याशी. साचा सुधारला तर तेही जाईल."

बारकीला वाटलं आपण सांगायला नको होतं. ती उठून बापाजवळ आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांनी तो हात थोपटला. "बरं केलंस," ते म्हणाले. तिला आणखी काही म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं, पण शब्द म्हणजे काही नळ नव्हे की इतक्या वर्षांनी फिरवला आणि धो धो आला. दुपारच्या गाडीने ती गेली. जाताना रजई छातीशी धरून गेली, पिशवीत घातली नाही. वळणावर मागे बघून हात हलवला, आणि मास्तरांनीही हलवला.

घरात येऊन ते कापायच्या टेबलामागे उभे राहिले. साचा टेबलावरच होता. कानस शेजारच्या खणात होती. दीड अंश घासायला खरंच दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. मास्तरांनी साचा उचलला, उरलेलं करडं कापड ओढलं आणि दोन चौकटी कापल्या. साडेसेहेचाळिसाच्या. मग वळसा घालून मशीनपाशी गेले, स्टुलावर बसले आणि त्या जोडल्या, मध्याशी सरळ, पुढे डाव्या अंगठ्याने हलकेच आत ढकलत. उठून पुन्हा टेबलामागे आले. तुकडा उलटा करून खिडकीपाशी धरला.

"आली बघा दारुड्याची वाट," ते म्हणाले.

आणि उत्तराला लागायचा तेवढा वेळ थांबले. बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी दोरा तोडला, पुढच्या दोन चौकटी कापायला घेतल्या.